डाव्या हाताखालची बटणं

३ नोव्हेंबर, रविवार

वाकडं! सगळं वाकडं! चार शब्द लिहिले आणि घाम फुटला. पहिलीतलं पोर यापेक्षा बरं लिहील.

गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय — रोज थोडं तरी लिहा, डाव्या हाताने. मी विचारलं, काय लिहू? "मनात येईल ते. कोणी वाचणार नाही." म्हणून ही वही.

बस. हात दुखला.

५ नोव्हेंबर

जुलैत लकवा मारला. पाय सावरला, तोंड सावरलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. नुसता लोंबतो.

धनराज टायपिस्ट, एटापल्ली. तेहतीस वर्षं तहसीलसमोर बसलो. मिनिटाला साठ शब्द! आणि आता शर्टाची बटणं मीरा लावून देते. बायकोसमोर मान वर करून उभं राहायचं, लहान मुलासारखं. चीड येते.

७ नोव्हेंबर

कुलदीप चंद्रपूरहून आला होता. पोरगा चांगला आहे, पण सगळं आधी ठरवून येतो. "बाबा, दुकान बंद करून टाका. तिकडं चला आमच्याकडे. ते मोबाइलवाले जागा घ्याले तयार आहेत." म्हणजे बोलणंही करून आला!

मला राग आला. रागात माणूस काहीही बोलतो. मी म्हटलं, "जानेवारी संपेपर्यंत वाट पाय. तोवर माह्या हातचा एक जरी कागद चुकीपायी वापस आला, तं मी सोता शटर पाडतो अन् तुह्या गाडीत बसतो."

बोलून बसलो. आता झालं!

मीरा कणीक मळत होती. एटापल्ली सोडायची म्हटलं तर तिचं काय म्हणणं आहे, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडलं. चार महिन्यांची धूळ. मीरा सकाळी सातलाच जाऊन झाडझूड करून आली, मी दहाला गेलो.

पहिलं गिऱ्हाईक बिरजू, तोडश्याकडचा. जातीच्या दाखल्याचा अर्ज — अर्धं पान. पन्नास मिनिटं लागली! डावा हात कॉम्प्युटरच्या बोर्डावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसता धावत होता. बिरजू बिचारा बाकड्यावर झोपून गेला. उठवला तेव्हा म्हणतो, "झालं काय भाऊ? घाई नाई." घाई नाही म्हणाला, हेच जास्त लागलं.

एकेकाळी लोक दुकानासमोर नुसते ऐकायला थांबायचे. टायपिंग मशीनचा आवाज सुरू झाला की चहावाला म्हणायचा, धनराजभाऊची झड लागली. ९१ साली ती जुनी मशीन गडचिरोलीहून एसटीच्या टपावरून आणली होती, गोधडीत गुंडाळून. आलापल्लीच्या पुढे रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला मीरा वर बघायची. लग्नाला दोन महिने झाले होते. नवऱ्यापेक्षा मशीनचीच काळजी जास्त!

१४ नोव्हेंबर

नंदिनी आली होती. शेजारच्या ऑनलाइन केंद्रातली. खरं तर माझं गिऱ्हाईक तिनेच पळवलं, पण पोरगी गोड आहे, राग धरता येत नाही. पाच मिनिटं मागे उभी राहून बघत होती.

"काका, तो माऊस सोडा आधी. एकच हात आहे ना कामाचा? मंग तो बोर्डावरून उचलता काऊन? दर बारीला तिकडे नेता, वापस आणता. अर्धा दिवस त्यातच जाते."

बरोबर आहे. टायपिंग शिकवणारे देवाजी मास्तर हेच सांगायचे. हात जागेवरून हलला की वेळ गेला. मी वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसलो आणि माऊस हातात आल्यापासून मास्तरांना विसरलो.

१५ नोव्हेंबर

आज एक गंमत कळली. इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? कंट्रोल धरून एस — साठवलं. झेड — चुकलेलं मागे. एक्स, सी, व्ही — कापा, उतरवा, चिकटवा. ए म्हणजे सगळं, एफ म्हणजे शोधा. बोर्डावर नीट पाहिलं. ही सगळी कामाची बटणं डाव्या हाताखाली आहेत! एकजात सगळी!

उजव्या हाताने मी आयुष्यभर मिरवलो. मिनिटाला साठ, मिनिटाला साठ. आणि कामाची बटणं डाव्याकडे.

शिफ्टचंही नंदिनीने सांगितलं. ते पाच वेळा दाबलं की चिकटून बसतं, मग दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत. हे तर मला चुकून कितीदा झालं होतं आणि दर वेळी मी कॉम्प्युटरला शिव्या देऊन बंद करायचो.

१९ नोव्हेंबर

देवाजी मास्तरांचा क्लास. गडचिरोली, ८९ साल. एका लांबट खोलीत अकरा मशीनी, त्यातल्या दोन कायम आजारी. मास्तर मुलांच्या हातांवर फडकं टाकायचे, बोटं दिसू नयेत म्हणून. फडक्याखाली बोटं आणि डोळे कागदावर. खाली पाहिलं की मागून पट्टी. "किल्ल्या पळून नाई जाऊन राह्यल्या! कागद पाय!"

माझ्या डावीकडच्या मशीनवर मीरा बसायची. आरमोरीची. दोन वेण्या, हिरवा स्वेटर. तिच्या हातावरचं फडकं हलायचंसुद्धा नाही, इतकी बोटं हलकी. माझं फडकं दर दोन ओळींनी खाली पडायचं आणि तीच उचलून द्यायची. लग्न त्यातूनच जमलं म्हणायला हरकत नाही.

क्लासच्या शेवटच्या चाचणीत आम्ही दोघं बरोबरीत सुटलो, असं मी सगळ्यांना सांगतो. कुलदीपलाही तसंच सांगितलंय. ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो — बरोबरीत नव्हतो. तिचे चौसष्ट होते.

२३ नोव्हेंबर

वीज गेली. दोन पानं गेली!! बॅटरीचा डबा नुसता कूं कूं करून मेला. त्या माणसाला पुन्हा दीड तास बसवलं.

आता दर परिच्छेदाला साठवायचं. मशीनच्या काळात ओळ संपली की घंटी वाजायची आणि हात आपोआप वर जायचा, गाडी मागे ढकलायला. तशी सवय करायची. घंटी मनात वाजवायची आणि कंट्रोल-एस.

२८ नोव्हेंबर

नंदिनी पोट धरून हसली. माझ्या फायलींची नावं — अर्ज. अर्ज नवा. अर्ज नवा खरा. अर्ज शेवटचा. अर्ज शेवटचा २. अर्ज हाच घ्यावा.

"काका, याच्यातून तुमी शोधता कसं?"

"उघडून पायतो ना एकेक."

तिने शिकवलं. आधी तारीख, मग गाव, मग काम. सगळं एका फोल्डरात, वर्षावार. पडद्यावर काही पसरून ठेवायचं नाही. दुपारी तीन तास बसून जुन्या नावांची साफसफाई केली. एका फायलीचं नाव नुसतंच "मीरा" होतं. उघडली तर किराण्याची यादी निघाली.

३ डिसेंबर

मिनिटाला नऊ शब्द. हसू नये. परवा सात होते.

६ डिसेंबर

दुकान बंद. सकाळी विहारात गेलो. पांढरा शर्ट, बटणं मीरानेच लावली, पण आज चीड आली नाही.

बाबा आठवले. गोंडपिपरीच्या भातगिरणीत पोती उचलायचे. सही यायची, बाकी काही नाही. एकदा कुठल्याशा अर्जासाठी दिवसभर एका कारकुनाच्या ओट्याखाली उभे राहिले होते. घरी येऊन म्हणाले, "पोराले कागद लिवता आला पायजे. कोणाच्या ओट्याखाली उभं राह्यची पाळी नाई आली पायजे." त्यासाठी मला टायपिंगला घातलं. माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून बाकडं आहे. येणारा माणूस बसतो, हे बाबांमुळे.

१२ डिसेंबर

नवी विद्या! नेहमीची लांबलचक वाक्यं कॉम्प्युटरला एकदा शिकवून ठेवायची. "गस" एवढंच मारलं की "ग्रामसभेच्या सर्वानुमते मंजूर झालेल्या ठरावानुसार" आपोआप उमटतं. "विक" मारलं की "तरी कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा". चाळीस वाक्यं भरून ठेवली. डावा हात राजासारखा बसतो आता!

मिनिटाला चौदा. पण या विद्येमुळे काम तीस-पस्तीसचं होतं.

आणि दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब बघायचं, तहसीलच्या मागच्या सागाकडे. डोळ्यांसाठी. पूर्वी हे शिकवावं लागत नसे. रिबन बदलायची, कार्बन लावायचे, उठणं-बसणं आपोआप व्हायचं. पावसाळ्यात कागद सादळायचे म्हणून मीरा रिमं तांदळाच्या कोठीत ठेवायची. मग अर्जाला नव्या तांदळाचा वास यायचा. एका तहसीलदारांनी विचारलंही होतं, हा वास कसला म्हणून.

१८ डिसेंबर

दहा बाय दहाची खोली झाडायला मीराला तास लागतो! सातला जाते, सव्वाआठला घरी येते. मी म्हटलं, "तहसील बी झाडून येते काय तू?" म्हणाली, "कोपरे लय आहेत." कोपरे चारच असतात. पण तिच्याशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

२ जानेवारी

नवं वर्ष. एकही कागद परत आलेला नाही. एकही नाही! तहसीलमधला बाबू प्रफुल काल म्हणाला, "धनराजभाऊ, आधीपेक्षा तुमचे कागद आता सुधरले. एक काना-मात्रा चुकत नाई." मी नुसता हसलो. घरी येऊन मीराला तीनदा सांगितलं. "सवयीचा परिणाम आहे," म्हटलं. ती म्हणाली, "असंन."

कुलदीपचा फोन आला होता. मी मुद्दाम मोठ्याने बोललो.

९ जानेवारी

हिकेटोल्याचा सामूहिक वनहक्काचा दावा पूर्ण केला. अकरा पानं! गावाच्या सीमा लिहिणं हे खरं काम. पूर्वेस पुंगार मेट्टा, म्हणजे पुंगार डोंगर, पश्चिमेस नाला, दक्षिणेस सागाचं जुनं बन. ही नुसती नावं नसतात. प्रत्येक मेट्ट्यावर कोणत्या तरी गावाचा पेन बसलेला असतो, म्हणजे त्यांचा देव. एका गावाने दुसऱ्याच्या मेट्ट्याला हात लावायचा नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

कोसमटोल्याचे लालसू आणि सुकरी आले. सुकरी बारावी शिकलेली, त्यांच्या वनहक्क समितीची सचिव. तिने स्वच्छ अक्षरात चिठ्ठी आणलीय, सगळ्या सीमांची. रविवारी २६ तारखेला ग्रामसभा. तिथे ठराव आणि दावा वाचून दाखवतात, मराठीत आणि मग गोंडीत. एकाही माणसाने "हे चूक" म्हटलं, तर कोणी अंगठा देत नाही. कागद परत.

"उद्या अकरा वाजता घेऊन जा," म्हटलं.

दिवसभर बसलो. हिकेटोल्याची फाइल उघडली, आधीच नव्या नावाने साठवून घेतली (नंदिनीची शिकवण — जुनी फाइल कधी खराब करायची नाही), मग शोधा आणि बदला. हिकेटोला गेलं, कोसमटोला आलं. सत्तावीस ठिकाणी, एका फटक्यात! सीमा, घरांची संख्या, नावं बदलली. साडेसहाला संपवलं, चिठ्ठी टेबलावरच ठेवून घरी आलो. एका हाताने, एका दिवसात, अकरा पानं. उजव्या हाताच्या काळातही मला दोन दिवस लागले असते.

२४ जानेवारी

लालसू अकराला आला. बस निघायला दहा मिनिटं. तीन प्रती छापल्या, टाचण्या मारल्या, दिल्या. "भाऊ, तुमी होते म्हून झालं," म्हणाला.

वाचून दाखवायला वेळ नव्हता. मास्तरांचा नियम होता — छापलेला कागद मोठ्याने वाचल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. एका दिवसाने काय होतंय.

संध्याकाळपासून वीज नाही. लाइनवर झाड पडलं म्हणतात.

२५ जानेवारी

अरे देवा.

दुपारी घरी पडल्या पडल्या आठवलं. पूर्वेकडची सीमा. मी ती बदलली का? सुकरीच्या चिठ्ठीत पूर्वेस मरमी मेट्टा होता. "मरमी" हा शब्द मी टाइप केल्याचं बोटांना आठवत नाही. बोटांना आठवतं, मला नसेल आठवत पण बोटांना आठवतं. नाही केला! म्हणजे कोसमटोल्याच्या कागदात पुंगार मेट्टा आहे. हिकेटोल्याचा मेट्टा. त्यांच्या पेनाचा!

दोन्ही गावांत सोयरीक आहे. पोरी इकडच्या तिकडे दिलेल्या. उद्या शंभर माणसांसमोर सुकरी वाचणार की आमच्या गावाचा हक्क तुमच्या देवाच्या डोंगरावर आहे. कोण काय समजेल?

वीज अजून नाही. फाइल बघता येत नाही. कोसमटोल्याला फोन लागत नाही, तिथे टॉवरच नाही.

मीराला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू? महिनाभर तिच्यासमोर मिरवलो. शटर पाडायचं ते पाडीन. पण त्या दोन गावांत भांडण माझ्यापायी नको.

२६ जानेवारी, रविवार

सातच्या गाडीने निघालो. मीराने विचारलं, "कुठी चालले?"

"झेंडावंदनाले."

"तहसील तं इथीच आहे. पाण्याची बाटली काऊन घेतली?"

बाटली पिशवीत टाकली आणि निघालो.

फाट्यापर्यंत गाडी, पुढे तीन किलोमीटर पायी. पाय ओढत गेलो. दोनदा बसलो. पोहोचलो तेव्हा शाळेचा झेंडा झाला होता आणि मोहाच्या झाडाखाली सगळं गाव बसलं होतं. बाया एका बाजूला, म्हातारे पुढे. सर्वांत पुढे गायता, पोचू नावाचा म्हातारा, पेनाची पूजा तोच करतो. डोळे मिटून बसलेला.

लालसू धावत आला. "भाऊ? तुमी इथी?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. लालसू, तो कागद वाचू नको, माझी चूक झाली, एवढंच. त्याने पाणी दिलं, मी पाणी प्यालो. त्याने पुढे नेऊन बसवलं, मी बसलो. भित्रा माणूस मी.

सुकरी उभी राहिली. एक परिच्छेद ती मराठीत वाचायची, मग लालसू गोंडीत सांगायचा. लोक माना हलवायचे. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर सीमा.

"पूर्वेस —" सुकरी म्हणाली.

मी उभा राहिलो. डावा हात वर केला.

"— पूर्वेस मरमी मेट्टा, ज्यावर गावाचा पेन बसलेला आहे व जेथे दरवर्षी पेरणीआधी सर्व गाव जाते."

हात तसाच वर राहिला. लालसूला वाटलं, मी पाठिंबा देतोय. त्यानेही हात वर केला. त्याचं पाहून पोरांनी केला, मग बायांनी. ठराव मांडायच्या आधीच सगळ्या ग्रामसभेचे हात वर! हशा पिकला. सुकरी रागावली, "बसा सारे! अजून आठ पानं आहेत!"

पोचू गायत्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघत गोंडीत काही बोलला. लालसूने सांगितलं, "म्हणते, हे कागद लिवणाऱ्याले आमचा मेट्टा समजला."

मी छातीला हात लावला, मान झुकवली. मान घेतला! सगळ्यांसमोर घेतला. आणि आत नुसता गोंधळ. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. "ज्यावर गावाचा पेन" हे सुकरीच्या चिठ्ठीत होतं, पण अर्जात एवढं कशाला म्हणून मी गाळलं होतं, हे मला पक्कं आठवतं.

कोणी लिहिलं?

२७ जानेवारी

वीज आली. मीरा उठायच्या आधी किल्ली घेऊन दुकानात गेलो. फाइलवर जाऊन तिची माहिती उघडली. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत मी बंद केली होती. शेवटचा बदल — शुक्रवार, सकाळी ७.५२.

सकाळी ७.५२ ला मी न्हाणीत असतो.

दुसरी फाइल पाहिली. सकाळी ७.४०. तिसरी, ७.१८. चौथी, ८.०५. नोव्हेंबरपासूनच्या एकूण एकसष्ट फायली. पहिली बिरजूची आणि अजून दोन-तीन, समोर बसून लगेच छापून दिलेल्या, सोडल्या तर सगळ्यांवर सकाळची वेळ.

मीरा आली. पडदा पाहिला. काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिशीपासून."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी बसले असते काय मंग त्या खुर्चीवर?"

नसतो बसलो. खरं आहे. पण ते मान्य करवेना. म्हटलं, "कॉम्प्युटर कुठी शिकली तू?"

"इथीच. वीस वर्षं चहा आणून राह्यली ना. तुमच्या मांगं उभी राहून पायलं."

"म्हंजे माह्यावर उपकार करून राह्यली होती."

तेव्हा ती चिडली. पस्तीस वर्षांत तिला अशी चिडलेली पाहिली नव्हती. "तुमच्यापायी नाई! मले आवडते म्हून! सकाळचा तो एक तास माहा होता. त्या एका तासात मी आरमोरीची मीरा होती. तुमची बायको नव्हती, कुलदीपची माय नव्हती. तो बी आता जाईन."

आणि गेली घरी.

२८ जानेवारी

माझ्या फायली! न विचारता! दुकान उघडलं नाही. बोललो नाही. जेवलो.

२९ जानेवारी

नाही बोललो.

३० जानेवारी

आज ते आठवलं. आठवायचं नव्हतं तरी.

९१ साल, पहिलाच पावसाळा. संध्याकाळी काम संपल्यावर मीराने विचारलं होतं, "मी थोडा वेळ बसू काय मशीनवर? बोटं विसरून राह्यली." मी म्हटलं, रिबन झिजते. नंतर पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा म्हटलं, लोक काय म्हणतील, बायको कमावते आणि नवरा बाकड्यावर बसतो. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

चौसष्ट शब्दांची बाई. तेहतीस वर्षं तिने माझ्या खुर्चीखालचा केर काढला. आणि मी या वहीत बाबांच्या बाकड्याबद्दल लिहितो! येणारा प्रत्येक माणूस बसतो म्हणे माझ्या दुकानात.

लाज वाटली. खूप वाटली. लिहूनही कमी झाली नाही.

३१ जानेवारी

सकाळी मीराला म्हटलं, "चल."

"कुठी?"

"दुकानात. दिवसा. लोकांसमोर."

मग आत जाऊन साडी बदलून आली.

खुर्चीवर ती बसली. मी बाकड्यावर बसून वाचून सांगत होतो. पहिल्यांदा बोटं थोडी अडली, मग — काय लिहू! फडकं टाकलं असतं तर हललं नसतं. प्रफुल बाबू दारात उभा राहून बघतच राहिला. म्हणाला, "बाई, तुमी?" मी म्हटलं, "बाई नाई, टायपिस्ट."

संध्याकाळी कुलदीपला फोन केला. एकही कागद परत आला नाही, असं सांगितलं. कोणामुळे नाही आला, तेही सांगितलं. मग म्हणाला, "आईले फोन द्या." दोघं अर्धा तास बोलले. काय बोलले, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

मीरा मिनिटाला एकतीस. माझा डावा सोळा. मराठी अर्ज ती, नकाशे आणि रकाने मी. नंदिनी म्हणते, एका कॉम्प्युटरवर दोघं भांडाल, दुसरा घ्या. भांडतोच आहोत.

११ फेब्रुवारी

दुपारी सुकरी एक प्रतिज्ञापत्र परत घेऊन आली. एका म्हाताऱ्याच्या वडिलांचं नाव सुटलं होतं. मीराने टाइप केलेलं. मीरा दवाखान्यात तिच्या गुडघ्याच्या गोळ्या आणायला गेली होती.

नाव घातलं, मोठ्याने वाचलं, छापलं, सुकरीला दिलं. तिला म्हटलं, चूक माही होती. मीराला सांगणार नाही.